करवतीला दाते किती?

लखनौच्या लाटूश रोडवर यंत्रांची आणि हत्यारांची दुकाने आहेत. या रस्त्याचे नाव आता गौतम बुद्ध मार्ग असे झाले असले तरी जुनी माणसे अजून लाटूश रोडच म्हणतात. तेथे गोल करवतीचे ब्लेड मागितले की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘कितने दाँत का?’’ सुताराला या प्रश्नाचे नवल वाटत नाही. गोंधळ होतो तो गृहस्थाचा किंवा गृहिणीचा, कारण बहुतेक वेळा ब्लेड आणायला तेच गेलेले असतात.

त्यालाही कारण आहे. घरातले सुतारकाम पुष्कळदा मजुरीवर ठरते. सामान मालकाचे, हात मिस्त्रीचे. समजा, एखादे मराठी कुटुंब बदलीवर लखनौला गेले आहे. नोकरी मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत, एखाद्या बँकेत किंवा छावणीत. गोमतीनगरात घर घेतले, स्वयंपाकघराची कपाटे करायची ठरली. मिस्त्री सकाळी कागदावर यादी लिहून देतो : प्लाय, सनमायका, फेविकॉल, स्क्रू, बिजागऱ्या, चॅनेल. आणि यादीच्या तळाशी एकच शब्द, ‘ब्लेड’. प्लायसाठी चार दुकाने हिंडणारे, सनमायकाच्या रंगावरून घरात दोन दिवस वाद घालणारे हेच लोक ब्लेडच्या वेळी म्हणतात, ‘‘द्या कुठलेही.’’

मग हजारो रुपयांच्या सनमायकाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या निघतात. शीशमच्या फळीवर काळे भाजल्याचे डाग पडतात. दोष मिस्त्रीच्या हाताला दिला जातो. पुष्कळदा तो हाताचा नसून पात्याचा असतो. त्याहून वाईट म्हणजे, चुकीचे पाते लाकूड उलटे फेकते आणि तेव्हा किंमत बोटांनी मोजावी लागते. म्हणून हा विषय सुतारांपुरता नाही.

वेग किती असतो

टेबल करवत म्हणजे लोखंडी टेबलाच्या फटीतून वर आलेले फिरते गोल पाते. पाते जागच्या जागी फिरते, लाकूड त्याच्यावर ढकलायचे असते. १७७७ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने घेतलेल्या पेटंटात अशा गोल करवतीचा उल्लेख सापडतो. अमेरिकेत मात्र टॅबिथा बॅबिट नावाच्या, सूत कातणाऱ्या एका स्त्रीने १८१३ च्या सुमारास ती शोधली अशी गोष्ट सांगतात. चरख्याचे चाक पाहून तिला कल्पना सुचली म्हणे. गोष्ट गोड आहे, पण इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत.

वेगाचा अंदाज मात्र प्रत्येकाला असावा. मोटर मिनिटाला २८८० फेरे घेणारी, तिच्यावर ४ इंची पुली आणि पात्याच्या दांडीवर ३ इंची पुली असेल, तर पाते मिनिटाला ३८४० फेरे घेते. १० इंची पात्याच्या कडेचा वेग तेव्हा सेकंदाला ५१ मीटर, म्हणजे तासाला सुमारे १८४ किलोमीटर होतो. या वेगाने निघालेली गाडी लखनौहून कानपूरला अर्ध्या तासाच्या आत पोचेल. दात्याला हात लागल्यावर तो मागे घ्यायला वेळ मिळेल, ही समजूत या एका आकड्याने दूर व्हावी.

चिरणे वेगळे, कापणे वेगळे

मराठी सुतार दोन वेगळे शब्द वापरतो. फळी तिच्या लांबीच्या दिशेने, रेषांच्या बरोबर जाऊन फोडायची ते चिरणे. रेषा तोडून आडवी करायची ते कापणे. लखनौच्या ऐशबागेत इमारती लाकडाच्या वखारी आहेत आणि तिकडच्या बोलीत लाकडाच्या गिरणीला ‘आरा मशीन’ म्हणतात. तिथेही पहिल्या कामाला ‘चिराई’ असा स्वतंत्र शब्द आहे. भाषेने केलेला हा भेद पात्यालाही लागू पडतो.

लाकडाचे तंतू म्हणजे एकत्र बांधलेली गवताची काडी समजावी. चिरताना दाता या काड्यांच्या मधून जातो आणि त्यांच्या लांब, जाडसर ढलप्या काढतो. ढलप्या मोठ्या म्हणून त्या साठायला दात्यांमध्ये मोठी पोकळी लागते, आणि पोकळी मोठी म्हणजे दाते थोडे. १० इंची पात्याला चिरण्यासाठी २४ ते ३० दाते पुरतात. त्यांचे माथे छिन्नीसारखे सपाट असतात आणि ते पुढे बरेच झुकलेले असतात, त्यामुळे ते लाकूड ओढून घेतल्यासारखे कापतात.

आडवे कापताना प्रत्येक काडी दोन ठिकाणी स्वच्छ तोडावी लागते, नाहीतर ती उपटली जाते आणि कडेला कुसळे निघतात. म्हणून येथे दाते जास्त, ६० ते ८०, आणि त्यांचे माथे सुरीसारखे तिरके. एक डावीकडे उतरता, त्याच्या शेजारचा उजवीकडे. जोडीने दोन्ही बाजूंनी काप घेतात.

दोन्ही कामे एकाच पात्याने करायची तर ४० ते ५० दात्यांचे पाते घेतात. ते दोन्ही कामे बरी करते, उत्तम एकही करत नाही. घरात एकच पाते आणायचे असेल तर ते हेच. मात्र कपाटे सनमायकाची असतील तर पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

‘दाते जास्त म्हणजे पाते चांगले’ असा समज दुकानात सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे. ८० दात्यांच्या पात्याने दोन इंच जाड शीशम चिरायला घेतले तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला इतकी बारीक ढलपी येते की दाता कापण्याऐवजी घासू लागतो. लहानशा पोकळ्या भुशाने भरतात, तो बाहेर पडत नाही, पाते तापते, लाकूड काळे पडते आणि मोटर गुरगुरू लागते. धुराचा वास आला की मिस्त्री म्हणतो, ‘‘लकड़ी बहुत सख़्त है साहब.’’ लाकूड सख्त असतेच, पण धूर चुकीच्या पात्याचा असतो.

शीशम, आंबा आणि पॉप्लर

मराठी माणसाची शीशमच्या बाबतीत हमखास गल्लत होते. आपल्याकडे आजीच्या वेळची शिसवी कपाटे असतात. ती काळसर, जांभळट झाक असलेली. ते सह्याद्रीच्या जंगलातले झाड, शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेतले शीशम त्याचे चुलत भावंड, डाल्बर्जिया सिस्सू. ते नद्यांच्या काठी आणि तराईत वाढते, रंगाने सोनेरी तपकिरी असते आणि त्यात गडद रेघा असतात. लखनौच्या दुकानात ‘शीशम’ म्हणून मिळणारा पलंग शिसवीचा निघाला नाही म्हणून फसवले गेल्याची भावना होऊ देऊ नये.

पात्याच्या दृष्टीने मात्र दोघेही कठीण. वाळलेले शीशम घनमीटरला साधारण ७५० ते ८०० किलो भरते. प्लायमध्ये वापरला जाणारा पॉप्लर त्याच्या जवळपास निम्मा. शीशमच्या रेषा सरळ नसतात. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून चिरताना फळी अचानक मिटू लागते आणि पात्याला चिमटा काढते. येथे कार्बाइडच्या टोकांचे, थोड्या दात्यांचे आणि जाड अंगाचे पाते लागते. फळी सावकाश पण न थांबता पुढे न्यावी लागते. मध्येच थांबले की त्या जागी भाजल्याचा डाग ठरलेला.

आंब्याचे लाकूड शीशमपेक्षा मऊ आणि स्वस्त. मलिहाबादच्या बागांमुळे लखनौला त्याचा परिचय जुना आहे. जुनी, फळ न धरणारी झाडे शेवटी वखारीतच येतात. दशहरी आंबा पूर्वी लाकडी खोक्यांतून जाई. आता पुठ्ठ्याच्या पेट्या आणि प्लास्टिकच्या क्रेट्सनी ती जागा बरीचशी घेतली आहे. या खोक्यांच्या पातळ पट्ट्या पाहिल्या की पात्याच्या जाडीचा हिशेब चटकन समजतो. नेहमीच्या १० इंची पात्याचा काप सुमारे ३.२ मिलिमीटर रुंद असतो. ६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायच्या तर प्रत्येक पट्टीमागे ३.२ मिलिमीटर लाकूड भुसा होते. म्हणजे ओंडक्याचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग उडून जातो. २.४ मिलिमीटरचे बारीक पाते लावले तर हे नुकसान शंभरात साडेअठ्ठावीसवर येते. म्हणूनच गिरणीवाले अशा कामाला गोल करवत वापरत नाहीत, पट्ट्याची करवत वापरतात. तिचा काप याहूनही बारीक असतो.

घरच्या कामात बारीक पात्याचा आणखी एक फायदा आहे. लहान मोटरला ते झेपते. उन्हाळ्यात वीज अपुरी पडते, व्होल्टेज उतरते आणि दीड-दोन अश्वशक्तीची मोटर दमते. अशा वेळी बारीक पाते तिला कमी दमवते. पण त्याचे अंग पातळ असल्याने जाड, गाठाळ लाकडात ते डगमगते आणि काप वाकडा जातो. प्लाय आणि आंब्याला बारीक, जाड शीशम आणि सागाला पूर्ण जाडीचे, असा सोपा हिशेब धरावा.

सागाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. हाताला तो मऊ लागतो, रंध्याखाली लोण्यासारखा निघतो, पण त्याच्या अंगात वाळूचाच एक प्रकार, सिलिका, असतो. त्यामुळे साध्या पोलादी पात्याची धार तो पाहता पाहता घालवतो.

ओले लाकूड हा पावसाळ्यातला त्रास. वखारीत उघड्यावर पडलेली फळी जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पिते. तिचा भुसा चिकट असतो, दात्यांच्या पोकळ्यांत अडकून बसतो. शिवाय नंतर वाळल्यावर कपाटाची दारे वाकडी होतात ती वेगळीच. अशा वेळी योग्य पाते शोधण्यापेक्षा दुसरी वखार शोधावी.

सनमायकाच्या कडा

आताची बहुतेक कपाटे घन लाकडाची नसतातच. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडावरच्या उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून घ्यावा असे सुचवले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात, केंद्राच्या मंजुरीशिवाय वनक्षेत्रात चालणाऱ्या लाकडाच्या गिरण्या थांबवण्याचा आदेश दिला. जंगलातले लाकूड महागले आणि शेताच्या बांधावरचा पॉप्लर व निलगिरी पुढे आले. त्यांच्या पातळ सालींचे थर डिंकाने दाबले की प्लाय होतो. बाजारात तो घेताना साध्या कामासाठी भारतीय मानक ३०३ आणि पाण्याच्या जागी ७१० हे आकडे पाहतात, हे आता पुष्कळ गृहिणींनाही ठाऊक असते.

प्लायला उभे-आडवे असे काही उरत नाही. एका थराच्या रेषा उभ्या, तर पुढच्या थराच्या आडव्या. चिरण्याचे पाते लावले तर प्रत्येक दुसरा थर फाटणारच. म्हणून प्लायला ६० दात्यांचे पाते. त्यावर सनमायका चिकटवलेला असेल, किंवा आधीच लॅमिनेट लावलेला बोर्ड अथवा एमडीएफ असेल, तर ८० ते ९६ दात्यांचे, आणि दात्यांचा घाटही निराळा. त्यात एक दाता दोन्ही कोपरे घासलेला, थोडा उंच असतो. तो मधून चर पाडतो. मागचा सपाट दाता उरलेल्या कडा साफ करतो. लॅमिनेट काचेसारखे ठिसूळ असल्याने तिरका, टोकदार दाता त्याला टवके पाडतो आणि स्वतःही लवकर बोथट होतो. दुकानात ‘लॅमिनेटचे’ असे सांगून मागितले की हेच मिळायला हवे. न मिळाल्यास दात्यांकडे आडव्या नजरेने पाहावे. एकाआड एक दात्यांचे कोपरे कापलेले दिसले म्हणजे माल बरोबर आहे.

पाते बरोबर असूनही टवके उडतात ते तक्ता उलटा ठेवल्यामुळे. टेबल करवतीचे दाते कारागिराच्या बाजूने खाली उतरतात. ते तक्त्यात वरून शिरतात आणि खालून बाहेर पडतात. टवके जिथून दाता बाहेर पडतो तिथे उडतात. म्हणून टेबलावर चांगली बाजू वर ठेवावी. हातात धरून चालवायच्या मशीनमध्ये नेमके उलट घडते. तिचे दाते खालून शिरतात आणि वर निघतात, म्हणून तिथे चांगली बाजू खाली. इतकी एक गोष्ट समजून घेतली तरी अर्धा सनमायका वाचतो. कापाच्या रेघेवर कागदी चिकटपट्टी लावणे, टेबलाच्या फटीत प्लायचा तुकडा बसवून ती पात्याभोवती घट्ट करणे आणि पाते तक्त्याच्या वर फक्त एका दात्याइतके ठेवणे, हे बाकीचे उपाय. फर्निचरच्या कारखान्यांत मोठ्या करवतीपुढे एक लहान पाते असते. ते खालच्या बाजूला आधीच बारीक चर पाडून ठेवते. घरी येणाऱ्या मिस्त्रीकडून तशा कापाची अपेक्षा करणे बरे नव्हे.

उलटा बांधलेला कटर

येथपर्यंतचे सारे खऱ्या टेबल करवतीविषयी झाले. पण घरोघरी दिसते ते वेगळेच. मिस्त्री संगमरवर कापायचा लहान कटर घेऊन येतो, प्लायच्या तुकड्याला भोक पाडून तो खालून उलटा बांधतो, दोन विटांवर नाहीतर जुन्या टेबलावर ठेवतो, आणि झाली टेबल करवत. हे लखनौत जसे चालते तसेच पुण्यातही चालते. त्यामागे आळस नसतो. खरी करवत महाग, जड आणि स्कूटरवर न मावणारी. रोज नव्या घरी काम करणाऱ्याला ती परवडत नाही.

धोका मात्र खरा आहे. हा कटर मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याला लावलेल्या ११० मिलिमीटरच्या पात्याची कड तासाला जवळपास २५० किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे मोठ्या करवतीपेक्षाही जास्त. तो बनवला आहे बिनदात्यांच्या हिऱ्याच्या चकतीसाठी. दगड हळू खरवडला जातो, पण दाते लाकूड पकडतात. उलटा बांधताना त्याचे झाकण काढून टाकलेले असते, बटण दोरीने दाबून ठेवलेले असते. संकटात ते बंद करायला हात टेबलाखाली घालावा लागतो. लाकडाची दात्यांची चकती कोनाच्या ग्राइंडरला लावणे तर याहून वाईट. ते कोणी करत असेल तर घरमालकाने काम थांबवावे. पाहुणचार नंतर.

कटरच वापरणार असतील तर निदान पाते नीट असावे. येथे दात्यांच्या आकड्याने फसायला होते. ४ इंची पात्यावर ३० दाते पाहून ते चिरण्याचे आहे असे वाटते. पण दोन दात्यांमधले अंतर मोजले तर ते साडेअकरा मिलिमीटर भरते. १० इंची पात्यावर एवढे अंतर जवळजवळ ७० दात्यांना येते. म्हणजे ४ इंची, ३० दात्यांचे पाते मुळात आडव्या कापाचे, प्लायचे आहे. त्याने जाड फळी चिरणे हा पात्यावर आणि माणसावर अन्याय आहे. दाते मोजण्यापेक्षा त्यांच्यामधले अंतर पाहण्याची सवय लावावी. चिरण्याच्या १० इंची पात्यात ते सुमारे ३३ मिलिमीटर, म्हणजे दोन बोटांएवढे असते, आणि प्लायच्या पात्यात साधारण १३.

पात्यावर काय लिहिलेले असते

पाते घेताना त्याच्या अंगावरची अक्षरे वाचावीत. २५४ × ३.२ × २५.४ × ६० असे काही असेल तर पहिला आकडा व्यासाचा, दुसरा कापाच्या रुंदीचा, तिसरा मधल्या भोकाचा आणि चौथा दात्यांचा. भोकाचा आकडा मिस्त्रीला विचारूनच जावे, नाहीतर पुन्हा फेरी. कुठे २५.४, कुठे ३०, लहान कटरला २०. भोक मोठे निघाले तर पात्याबरोबर आलेली धातूची कडी चालते. पत्र्याची पट्टी किंवा चिकटपट्टी गुंडाळून दांडीवर बसवलेले पाते मात्र केंद्रातून सरकते आणि थरथरते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा आकडा, मिनिटाला जास्तीत जास्त फेऱ्यांचा. तो मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ते पाते कितीही स्वस्त मिळाले तरी नको. ज्या पात्यावर हा आकडाच छापलेला नाही ते तर हातातही घेऊ नये.

दात्यांच्या टोकांवर करड्या धातूचे लहान तुकडे डाग देऊन जोडलेले दिसतात. ते टंगस्टन कार्बाइड. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकात ते ‘विडिया’ या नावाने बाजारात आणले. नावाचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. कारखान्यांतून हा शब्द आजही ऐकू येतो. पोलादी पात्यापेक्षा ही धार कितीतरी पट टिकते. पण ती कानशीने लावता येत नाही, हिऱ्याच्या चाकावरच लावावी लागते. पाते घेण्यापूर्वी एकेक टोक पाहावे. जाड टोक असेल तर त्याला अनेकदा धार लावता येते, पापुद्र्याएवढे असेल तर एकदोनदाच. एखादे टोक उडालेले असेल तर पाते परत करावे.

लाकूड उलटे येते तेव्हा

बोटे पात्यात जातात ती बहुधा हात घसरून नव्हे. पात्याची मागची बाजू वर उठणारी असते. चिरलेली फळी मिटली आणि तिने तिथे पात्याला चिमटा काढला की पाते तिला उचलून कारागिराच्या अंगावर फेकते. फळी पोटावर आदळते. तिच्यावर दाबलेला हात आधाराविना पुढे जातो, आणि पुढे पाते असते. बोथट पाते आणि चिरण्याला लावलेले बारीक दात्यांचे पाते हा धोका वाढवतात, कारण दोन्ही वेळा माणूस जोर लावून ढकलत असतो.

यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे पात्याच्या मागे उभी केलेली पोलादी पट्टी. ती चिरलेली फळी मिटू देत नाही. तिची जाडी पात्याच्या अंगापेक्षा थोडी जास्त आणि कापापेक्षा थोडी कमी असावी लागते. म्हणून जाड पाते काढून बारीक बसवले की पट्टीही बदलावी. नाहीतर फळी पट्टीवर अडते आणि मिस्त्री वैतागून पट्टीच काढून टाकतो. अमेरिकेत स्टीफन गास यांनी शोधलेली करवत २००४ मध्ये बाजारात आली. ओलसर कातडीचा स्पर्श होताच ती पाच हजारांश सेकंदात पाते थांबवते. ते दाखवायला बोटाऐवजी सॉसेज वापरतात. आपल्या घरगुती कामांत असे यंत्र क्वचितच दिसेल. तेव्हा पट्टी, ढकलण्यासाठी लाकडाची खाचेची काठी आणि पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहणे, एवढ्यावरच भागवायचे आहे. हातमोजे घालू नयेत, गळ्यातला गमछा काढून ठेवावा. दोन्ही गोष्टी पाते ओढून घेते. पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि काप चालू असताना मिस्त्रीला चहा विचारू नये.

नाकातोंडाला मात्र कापड बांधावे, त्याहून चांगला मास्क. शीशमच्या भुशाने काहींना शिंका येतात, अंगाला खाज सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला आहे. घरातल्या चार दिवसांच्या कामाने कुणी घाबरू नये. मिस्त्रीचे मात्र आयुष्य त्यात जाते.

अपघात झालाच तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरावा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकू नये, पेशी खराब होतात. जिथे प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे अशा मोठ्या रुग्णालयात थेट जावे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात असा विभाग आहे. वाटेतल्या दवाखान्यांत वेळ घालवू नये.

पात्याची निगा

पाते लवकर बोथट झाले असे वाटते तेव्हा पुष्कळदा ते नुसते मळलेले असते. लाकडाचा चीक आणि प्लायचा डिंक दात्यांच्या बाजूंना काळा होऊन बसतो आणि तापतो. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे धुऊन पुसून पूजेला मांडतात, लखनौचे कारागीर १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तेच करतात. पण वर्षातून एकदा पुरत नाही. मशीनची पिन काढून पाते उतरवावे, धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावे आणि जुन्या टूथब्रशने घासावे. तारेचा ब्रश नको. मग लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. परत बसवताना पात्यावरचा बाण आणि मोटरच्या फिरण्याची दिशा जुळवावी. धुऊनही काप काळा येत असेल, किंवा फळी पूर्वीपेक्षा जोराने ढकलावी लागत असेल, तर पाते धार लावायला द्यावे. देताना दोन पाती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा घालावा. कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते.